ऑरेंजमधला 'न' कुणी खाल्ला?

प्रश्न असा आहे: इंग्रजी ऑरेंज हा शब्द आपल्या नारिंगाचाच ना? मग सुरुवातीचा 'न' कुठे गेला? 'अ नॉरेंज' म्हणता म्हणता इंग्रजांनी त्याचं 'ॲन ऑरेंज' केलं, असं सांगतात ते खरं का?

नातं खरं आहे. संस्कृत नारंग (तोही बहुधा द्राविडी भाषांतून आलेला), तिथून फारसी नारंग, अरबी नारंज. अरबांबरोबर हे झाड आणि त्याचं नाव स्पेनपर्यंत पोचलं. स्पॅनिशमध्ये आजही 'नारांहा' म्हणतात, म्हणजे 'न' शाबूत आहे.

'अ नॉरेंज'ची गोष्ट मात्र अर्धीच खरी. 'न' गळाला तो 'एक' अर्थाच्या उपपदामुळेच, पण इंग्रजीत यायच्या आधी. इटालियनमध्ये 'ऊना नारांचा' भरभर म्हणून पाहा. दोन 'न' एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला 'उन आरांचा' वाटतं. फ्रेंचमध्येही तोच प्रकार. शिवाय फ्रेंचमध्ये सोन्याला 'ओर' म्हणतात, त्यामुळे या पिवळ्याधमक फळाच्या नावात 'ओ' आला असावा. इंग्रजांनी शब्द उचलला तो फ्रेंचमधून, 'न' गमावलेलाच.

तरी इंग्रजांवर आळ अगदीच उगीच आलेला नाही, खोड त्यांनाही आहेच! एप्रन आधी 'नेप्रन' होता. नॅपकिन त्याच घराण्यातला, त्याचा 'न' तेवढा वाचला. अंपायरची गंमत तर त्याहून भारी. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' म्हणजे जोडीत न बसणारा, विषम. दोघांच्या भांडणात निवाडा करणारा तिसरा तो नॉनपेर. इंग्रजीत त्याचं 'नंपायर'सारखं काहीतरी झालं आणि मग 'न' मागच्या 'अ'ला जाऊन चिकटला. उलट दिशेनंही हे घडतं: 'ॲन ईकनेम', म्हणजे जास्तीचं नाव, त्याचं झालं 'अ निकनेम'.

आता रंगाचं. इंग्रजीत आधी फळाला नाव मिळालं, त्यावरून रंगाला. त्याआधी या रंगाला 'पिवळा-लाल' अशा अर्थाचा जोडशब्द होता किंवा सरळ लालच म्हणत. म्हणून तर रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही तो 'रेडब्रेस्ट'. आणि विल्यम ऑफ ऑरेंज या डच राजपुरुषाच्या नावातलं ऑरेंज फळाचं नव्हे. ते दक्षिण फ्रान्समधलं एक गाव, जुनं नाव अराउसिओ. उच्चार जुळले, एवढंच.

राहता राहिली अरबी. तिथे नारंज म्हणजे आता कडू नारिंग. गोड जातीचा युरोपात प्रसार झाला तो पुढे, मुख्यतः पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे. त्यामुळे अरबीत त्या फळाला म्हणतात 'बुर्तुकाल', म्हणजे चक्क पोर्तुगाल. तुर्की 'पोर्ताकाल' आणि ग्रीक 'पोर्तोकाली' ही त्याच देशाच्या नावाची रूपं. पोर्तुगीज स्वतः मात्र त्याला 'लारांजा' म्हणतात. तिथे 'न'चा 'ल' झाला, पण शब्द नारंगाचाच.