नसांचे औषध सोडू पाहणाऱ्या मुलास

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज थरथरत होता. त्याच्या दोन दिवस आधी तू कॅप्सूल मनानेच बंद केली होतीस. त्यानंतर डोळ्याला डोळा लागला नाही, अंथरूण घामाने भिजले, पोट बिघडले आणि अपघातात दुखावलेला हात खांद्यापासून बोटांपर्यंत पुन्हा जळू लागला, एवढे सांगून शेवटी तू विचारलेस, "काका, मला व्यसन लागलं का?" दुसऱ्या दिवशी सकाळीच तू डॉक्टरांना गाठलेस आणि त्यांच्या सांगण्यावरून कॅप्सूल पुन्हा सुरू केलीस, हे फार बरे केलेस. तुझ्या प्रश्नाला मात्र मी फोनवर घाईने उत्तर दिले, आणि ते पुरेसे नव्हते, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

तुला व्यसन लागलेले नाही. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो, ठरवून दिल्यापेक्षा जास्त घेतो, ते मिळवण्यासाठी लपवाछपवी करतो. तू तर सहा महिने चिठ्ठीत लिहिले तेवढेच घेतलेस आणि उलट ते सोडायला निघालास. तुझ्या बाबतीत घडले ते एवढेच, की शरीराला त्या औषधाची सवय झाली होती आणि ते एकाएकी काढून घेतल्यावर शरीराने तक्रार केली. ही सवय भल्या माणसालाही होते, शिस्तीने औषध घेणाऱ्यालाही होते, आणि तिची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही. लाज वाटली की माणूस डॉक्टरांपासून लपवतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

तुझ्या कॅप्सूलमधले औषध प्रेगाबालिन आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी कॅल्शियम आत जाण्याचे सूक्ष्म मार्ग असतात. त्यांच्या एका भागाला हे औषध चिकटते, त्यामुळे आत जाणारे कॅल्शियम घटते आणि वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायने कमी बाहेर पडतात. बिघडलेल्या नसेचा कोलाहल त्यामुळे खाली येतो. पण आठवड्यामागून आठवडे असे चालले की मेंदू आणि मज्जारज्जू त्या दबलेल्या स्थितीशी जुळवून घेतात, आणि औषध एका दिवसात नाहीसे झाले तर दाबून ठेवलेले सारे एकदम उसळते. हिडकलच्या धरणातून कालव्याला पाणी सोडताना दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडतात, तसेच इथेही उलगडावे लागते. शिवाय हे औषध रक्तात फार काळ राहत नाही. साधारण सहा तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, म्हणून बंद केल्यावर एकदोन दिवसांतच झोप उडणे, घाम, मळमळ, जुलाब, डोकेदुखी, अंगदुखी, धडधड आणि अकारण भीती ही लक्षणे दिसू लागतात. काहींना झटकेही येऊ शकतात, विशेषतः आधीपासून फिट्स येत असतील तर. हे औषध जवळजवळ न बदलता मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, म्हणून डॉक्टरांनी क्रिएटिनिनची तपासणी सांगितली तर ती टाळू नकोस, कारण मूत्रपिंड मंद असेल तर मात्राच कमी ठेवावी लागते.

मी हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. औषधांच्या काउंटरमागे माझी बत्तीस वर्षे गेली, तरी माझ्या वाट्याला हीच चूक आली. एकसष्टाव्या वर्षी मला डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण जळजळ तीन महिने उलटूनही गेली नाही. सदऱ्याचे कापड लागले तरी जीव कळवळायचा. सात महिने मी प्रेगाबालिन घेतले आणि त्याने मला खरोखर उभे केले. मग सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर यात्रेला निघताना औषधाची पट्टी घरीच राहिली. दुखत नव्हते, म्हणून चार दिवस नाही घेतले तर काय बिघडते असे मी स्वतःला समजावले, आणि ज्या गावात चार दुकाने होती तिथेही विचारायला गेलो नाही. दुसऱ्या रात्री धर्मशाळेत मी बसून राहिलो होतो, हात कापत होते, पोटात ढवळत होते, आणि माझी खात्री झाली होती की नागीण पुन्हा उठते आहे. अंग तपासून पाहिले तर एकही फोड नव्हता. तेव्हा उमजले की हा जुना रोग नव्हे, औषध तुटल्याचा त्रास आहे.

हा फरक ओळखायला शिक. जुने दुखणे परत येते तेव्हा ते आपल्या ओळखीच्या जागी, ओळखीच्या तऱ्हेने आणि बहुधा हळूहळू येते. औषध तुटल्याचा त्रास लगेच येतो आणि सोबत घाम, मळमळ, बेचैनी अशी पूर्वी नसलेली मंडळी घेऊन येतो. दोन्ही एकत्रही येऊ शकतात, तुझ्या हाताची जळजळ त्या दिवशी वाढली ती तशीच. म्हणून निर्णय एकट्याने करू नये.

आता एक गोष्ट जरा तपशिलाने सांगतो, कारण सीमाभागात तिने मला सर्वांत जास्त काळजीत टाकले आहे. आपल्याकडे ही कॅप्सूल बहुतेक वेळा मिथिलकोबालामिन या बी-१२ जीवनसत्त्वाच्या रूपासोबत एकत्र मिळते. आयाबाया तिला "ताकदीची गोळी" म्हणतात, आणि ताकदीची गोळी कुणी कधीही बंद करतो. काही पट्ट्यांत याच कॅप्सूलमध्ये नॉरट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्यावरचे औषध असते. त्याची सवय आणि ती सोडण्याचा त्रास वेगळाच. तेव्हा पट्टीवरचे मोठे नाव वाचून थांबू नकोस, त्याखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाच. आपली माणसे एक दिवस बेळगावला दाखवतात, पुढच्या महिन्यात कुणाच्या सांगण्यावरून मिरजेला किंवा कोल्हापूरला जातात, आणि दोन चिठ्ठ्यांवर दोन वेगळ्या नावांनी एकच औषध लिहिलेले असते, किंवा एकावर प्रेगाबालिन आणि दुसऱ्यावर त्याचेच भावंड गॅबापेंटिन. दोन्ही पट्ट्या एकाच पिशवीत घेऊन माझ्या काउंटरसमोर झोपाळलेल्या डोळ्यांनी उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. प्रत्येक डॉक्टरला आधीची चिठ्ठी आणि आधीची पट्टी दाखव. डॉक्टर कन्नडमध्ये विचारत असतील तर गप्प राहू नकोस. नसेला ते "नर" म्हणतात, जळजळीला "उरि", बधिरपणाला "जोमु" आणि चक्कर येण्याला "तले सुत्तु". हे चार शब्द नीट सांगता आले तरी निदानात आणि मात्रेत फरक पडतो.

तू उद्यमबागेत लेथवर काम करतोस, म्हणून दुष्परिणामांत चक्कर आणि गुंगी यांना मी पहिले स्थान देतो. पहिल्या दिवसांत आणि मात्रा वाढवल्यावर ही दोन्ही अधिक जाणवतात, पुष्कळांना नंतर कमी होतात. तोवर यंत्रावर उभे राहू नकोस आणि खानापूर रस्त्यावर दुचाकी चालवू नकोस, ज्या रस्त्यावर तुझा हात दुखावला. मुकादमांना स्पष्ट सांग. एका पाळीची मजुरी बुडाली तर पुन्हा मिळेल. दिवसभर गुंगी राहत असेल तर दिवसाची आणि रात्रीची मात्रा कशी विभागायची हे डॉक्टरांना विचार. अंथरुणातून एकदम उठू नकोस, काठावर क्षणभर बसून मग उभा राहा. नजर धूसर होणे, तोंड कोरडे पडणे, बोलताना शब्द न आठवणे हेही या औषधाने होते. बद्धकोष्ठ झाले तर पाणी आणि पालेभाजी वाढव, ज्वारीची भाकरी तर आपल्या ताटात आहेच. वजन वाढू शकते आणि पायांना सूज येऊ शकते. महिन्याला एकदा वजन करून लिहून ठेव, आणि सूज आली की सांग. ओठ, जीभ, चेहरा सुजला किंवा श्वास अडकू लागला तर मात्र काहीही न विचारता थेट दवाखाना गाठायचा.

दारूचे तुला वेगळे सांगायला नको होते, पण शनिवारी संध्याकाळी शेडमागे काय चालते हे मला ठाऊक आहे. अफूवर्गातली वेदनाशामके, झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्या जोडीने हे औषध श्वास मंद करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये या वर्गातील औषधांबद्दल नेमका हाच इशारा दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनने ही औषधे नियंत्रित यादीत घातली. ट्रामाडॉल या अफूवर्गातल्याच वेदनाशामकाची गोळी तुझ्या घरात पडून आहे असे तू बोलता बोलता म्हणालास. ती आजच बाजूला काढ आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

मनाबद्दलही बोलले पाहिजे. फिट्ससाठीच्या औषधांच्या वर्गात हे औषध येते आणि त्या सर्वांबद्दल खिन्नता व आत्महत्येचे विचार यांची सूचना दिलेली असते. असे विचार फारच थोड्यांना येतात, पण मात्रा वाढवताना किंवा उतरवताना मन एकाएकी काळे झाले, जगणे निरर्थक वाटू लागले, तर तो तुझा स्वभाव नव्हे, औषधाचा परिणामही असू शकतो. मध्यरात्र असली तरी मला फोन कर. मी नाही उचलला तर १४४१६ लाव. सरकारची टेलिमानस सेवा आहे, तिथे मराठीतही आणि कन्नडमध्येही बोलता येते.

सोडायचे कसे, हा आता उरलेला भाग. औषधाच्या माहितीपत्रकात किमान एक आठवडाभर हळूहळू उतरवावे असे लिहिलेले असते. ते किमान आहे हे लक्षात ठेव. महिनोन्महिने घेतलेल्या माणसाला अधिक काळ लागू शकतो. माझ्या डॉक्टरांनी जवळजवळ तीन महिने लावले. दोन औषधांची एकत्र कॅप्सूल बंद करून कमी मिलिग्रॅमची साधी कॅप्सूल दिली, एकेक पायरी उतरल्यावर दोन आठवडे थांबायचे, त्रास वाढला तर तिथेच मुक्काम करायचा. हा माझा क्रम आहे, तुझा नव्हे, तो उतरवून घेऊ नकोस. कॅप्सूल उघडून भुकटी अर्धी करणे किंवा हळूहळू विरघळणारी गोळी तोडणे हे उद्योगही करू नकोस. एखादी मात्रा चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. पट्टीत आठ दिवसांची औषधे उरली की नवी आणायची, आणि गावाला जाताना चिठ्ठीची प्रत खिशात ठेवायची. सौंदत्तीला माझ्याकडे ती असती तर ती रात्र टळली असती.

शंभर पानी वही घे आणि रोज रात्री चार ओळी लिही: किती घेतली, किती झोपलो, कुठे दुखले, मन कसे होते. उतरणीच्या दिवसांत माणसाला कालचा दिवसही धड आठवत नाही, आणि डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत "बरं नाही वाटत" यापलीकडे काही निघत नाही. घरात आईला मात्र सगळे सांगून ठेव. तू चिडशील, रडवेला होशील, जेवण टाकशील, आणि तिला कारण माहीत नसेल तर ती देवऋषी गाठेल.

तुझ्या वडिलांविषयीही दोन वाक्ये. मणक्यातून पायात उतरणाऱ्या कळेसाठी ते हीच कॅप्सूल घेतात आणि तुझी गत पाहून आपलीही बंद करीन म्हणतात, असे कळले. मधुमेहाने जळणाऱ्या तळपायांना आणि नागिणीनंतरच्या वेदनेला या औषधाचा आधार पक्का आहे. पायात उतरणाऱ्या या कळेबाबत, म्हणजे सायटिकाबाबत, मात्र २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. तेव्हा त्यांनी डॉक्टरांना "मला याची गरज आहे का" असे विचारावे, तो त्यांचा हक्क आहे. पण उत्तर मिळेपर्यंत आणि उतरणीचा क्रम ठरेपर्यंत एकही कॅप्सूल मनाने कमी करू नये.

रविवारी दुपारी चारनंतर ये. तुझ्या आणि वडिलांच्या सगळ्या चिठ्ठ्या, सगळ्या पट्ट्या, संपलेल्याही, एका पिशवीत घालून आण. माझा चष्मा आणि ते भिंग काढून ठेवतो, घटक एकेक करून वाचू आणि सोमवारी डॉक्टरांना काय विचारायचे ते वहीत लिहू. गाडी घेऊन येऊ नकोस, बसने ये.

तुझे,
मेडिकलचे काका