वडिलांची रॅले भंगारात?

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या चाळीत जिन्याखाली वडिलांची रॅले कंपनीची सायकल पडून आहे, खाली वळलेल्या हँडलची. भंगारवाला वजनावर मागतो. खरी किंमत कशी कळेल?

उत्तर : ताई, देऊ नका! आधी मऊ फडक्याने पुसा. रंग खरवडू नका, मूळ रंगालाच मोल असतं. सीटखालच्या नळीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ लिहिलंय का बघा. १९३५ साली आलेली ही हलकी पोलादी नळी. ती असेल तर भाव वेगळाच. मग सायकल उलटी करून पेडलच्या कण्याखाली गंज तपासा, आपली खारी हवा तिथेच घात करते. सीटचा दांडा हलतो ना? माझा अडकला होता, ओढताना फ्रेमच चिरली. आणि जाहिरातीत मागितलेला भाव धरू नका, तशी सायकल प्रत्यक्ष कितीला गेली ते विचारा.