गॅसच्या लाइनसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : आमच्या रस्त्यावरून गॅसची मुख्य लाइन गेली आहे. घर तिथून ४० मीटर आत. स्वयंपाक सिलिंडरवर होतो, अंघोळीचं पाणी विजेच्या गीझरवर तापतं. जोडणीच्या खर्चाचा अंदाज कंपनीकडून आला आहे. मुदत ठेव मोडून काम उरकावं का? सात-आठ वर्षांनी घर विकून मुलीकडे जायचा विचार आहे.

उत्तर : पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने निम्मा निकाल तिथेच लागतो. जोडणीचा खर्च आज एकदम जातो आणि बचत दरवर्षी थोडी थोडी परत येते. ती पुरती वसूल होईपर्यंत तुम्ही त्या घरात असणार आहात का, एवढंच पाहायचं.

तुम्ही पाठवलेले आकडे मी सोयीसाठी १०० वर आणले. कंपनीचा अंदाज १००. त्यातले ५५ रस्त्यापासून भिंतीपर्यंत चर खणून नळी टाकायला, १५ गॅस मोजणाऱ्या मीटरला आणि रेग्युलेटरला, २० घरातल्या पाइपला आणि १० अनामत. अनामत परत मिळते, म्हणजे खरा खर्च ९०. सिलिंडर सुटल्यावर इंधनात वर्षाला ९ वाचतात असं तुम्ही लिहिलंय. पण दर महिन्याचा स्थिर आकार तुम्ही धरलेलाच नाही! गॅस जळो न जळो, तो द्यावाच लागतो, वर्षाला ४. म्हणजे हातात उरले ५, आणि ९० वसूल व्हायला १८ वर्षं.

तुलना करताना दरही नीट लावा. १ किलो सिलिंडरच्या गॅसची उष्णता साधारण १.३ घनमीटर नैसर्गिक गॅसएवढी असते. किलोचा दर थेट घनमीटरच्या दराशी लावला की पाइपचा गॅस आहे त्याहून स्वस्त दिसतो.

आता पाणी. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. तेच काम गॅस गीझरवर ०.४ घनमीटरच्या थोडं वर गॅसमध्ये होतं. म्हणून घनमीटरचा दर विजेच्या युनिटच्या दराच्या आठपटीहून कमी असेल तर पाण्यासाठी गॅस स्वस्त. तुमच्याकडे तो बराच कमी आहे, त्यामुळे इथे आणखी ७ वाचतील. पण गीझर आणि त्याची बसवणी २५. एकूण खर्च ११५, वार्षिक बचत १२, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. दोन शेजारी सोबत आले आणि चराचा तुमचा वाटा ५५ वरून २५ वर आला, तर खर्च ८५ आणि वसुली सात वर्षांत. हे ऐकायला बरं वाटतं. फक्त ठेवीवरचं ६ टक्के व्याज सुटतंय ते धरलं की सातची नऊ-साडेनऊ होतात. तोवर तुम्ही मुलीकडे गेलेले असाल.

शिवाय अंदाजात न दिसणारे खर्च आहेतच. अंगणातली फरशी उखडल्यावर पुन्हा कोण बसवणार? सध्याच्या शेगडीचे जेट, म्हणजे गॅस बाहेर सोडणारी बारीक छिद्रं, बदलावे लागतील, कारण नैसर्गिक गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात निम्म्याहून कमी उष्णता असते आणि त्याला मोठं छिद्र लागतं. घर विकताना जोडणीचे पैसे किमतीत निघतील असं कंपनीचा माणूस म्हणाला म्हणे. थोडे निघतीलही, पण त्या भरवशावर ठेव मोडू नये. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून नव्या घरांना गॅसची जोडणी सर्वसाधारणपणे देत नाहीत. तसं वारं इथेही आलं आणि उद्या गिऱ्हाइकं घटली तर लाइनच्या देखभालीचा भार उरलेल्यांच्या स्थिर आकारात येऊ शकतो.

म्हणून माझं मत : पैशांसाठी म्हणून ही जोडणी घेऊ नका. कर्ज काढून तर नाहीच. सिलिंडर उचलणं, बदलणं आता झेपत नसेल तर ते कारण मला पूर्ण पटतं. मग ही रक्कम गुंतवणूक न समजता सोयीवरचा खर्च समजा, आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला राहत असतील तरच करा. पाणी तापवण्याचं वीजबिल खुपत असेल तर उष्मापंपाच्या, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या, गीझरची चौकशी करा. तो साध्या गीझरच्या सुमारे एक तृतीयांश विजेत तेवढंच पाणी तापवतो आणि चर खणावा लागत नाही.

घर विकायचा बेत रद्द झाला आणि शेजारी खरंच तयार झाले, तर हिशेब पुन्हा मांडू. तेव्हा कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या : चराच्या खर्चाची वाटणी, आणि पुढे जोडणी बंद करायची झाली तर त्याचं शुल्क. दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत.