दहा आठवड्यांचे देशी पिल्लू माणसांना घाबरते. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला घरातच ठेवावे का?

तुम्ही लिहिले आहे की पिल्लू दहा आठवड्यांचे आहे, पाहुणे आले की सोफ्याखाली शिरते, बाहेर ओढले तर गुरगुरते, आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला दाराबाहेर नेऊ नका असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. मी रस्त्यावरची पिल्ले काही काळ घरी सांभाळून पुढे दत्तक देतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडू नका, एवढ्यापुरती ही सूचना योग्य आहे. मात्र त्याला बाहेरचे जगच दाखवू नका, असा तिचा अर्थ घेतला तर पुढे निस्तरणे कठीण होते.

याचे कारण वयात आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नवी माणसे, आवाज आणि जागा तुलनेने सहज स्वीकारते. त्यानंतर अनोळखी गोष्टींकडे ते आधी संशयाने पाहू लागते. अमेरिकेतील बार हार्बर येथे झालेल्या आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात वाढवून चौदा आठवड्यांपर्यंत माणसांचा सहवास मिळू दिला नव्हता. ती पिल्ले पुढे माणूस जवळ आला की दूर पळत. आता लसींचा हिशेब पाहा. पार्व्हो आणि डिस्टेम्पर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे शेवटच्या लसीपर्यंत थांबलात तर शिकण्याचा सर्वांत सोपा काळ घराच्या चार भिंतींतच संपतो, आणि तुमच्या पिल्लाच्या बाबतीत त्यातले मोजकेच आठवडे उरले आहेत.

अमेरिकेतील प्राणिवर्तनाशी संबंधित पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली अशी भूमिका मांडली की पहिली लस किमान सात दिवस आधी दिलेली असेल आणि जंताचे औषध झालेले असेल, तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला स्वच्छ जागेतील पिल्लांच्या प्रशिक्षण वर्गात नेण्यास हरकत नाही. आपल्याकडे मात्र ही मोकळीक जशीच्या तशी घेऊ नये. गल्लीत लस न घेतलेली कुत्री फिरतात, आणि पार्व्होचा विषाणू विष्ठेतून मातीत मिसळून तेथे कित्येक महिने टिकतो. म्हणून पिल्लाला कडेवर किंवा तोंड बाहेर राहील अशा पिशवीत घेऊन जा, आणि रस्त्यावर, बागेत किंवा अनोळखी कुत्र्यांजवळ खाली ठेवू नका. ज्या ओळखीच्या घरातील मोठा कुत्रा शांत आहे आणि ज्याच्या लसी झालेल्या आहेत, तेथे नेण्याबाबत तुमच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

बाहेर नेणे म्हणजे गर्दीत नेणे नव्हे, यावर मी मुद्दाम भर देतो, कारण ‘सवय व्हावी’ म्हणून भित्र्या पिल्लाला भर बाजारात नेणारे किंवा सोसायटीतील सगळ्या मुलांच्या हातात फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. अशाने पिल्लू धीट होत नाही. माणसांपासून सुटका नसते, एवढेच ते शिकते. रिक्षा स्टँडपासून इतक्या अंतरावर उभे राहा की पिल्लू रिक्षांकडे पाहील, पण तरीही तुमच्या हातातला पनीरचा कण खाईल. एरवी हावरट असलेल्या पिल्लाने खाणे नाकारले, ते जीभ पुन्हा पुन्हा नाकावर फिरवू लागले, झोप नसताना जांभया देऊ लागले किंवा मान फिरवून डोळ्यांचे पांढरे दाखवू लागले, तर तुम्ही फार जवळ आला आहात असे समजून मागे सरा. पाच शांत मिनिटे पुरतात.

पाहुण्यांच्या बाबतीत अनेक जण पाहुण्याच्या हातात खाऊ देऊन पिल्लाला बोलावतात. भुकेने पिल्लू पुढे येते, खाऊ संपताच आपण अनोळखी माणसाच्या पुढ्यात उभे आहोत हे त्याच्या लक्षात येते, आणि तेथेच ते दचकते किंवा दात लावते. त्याऐवजी पाहुण्याने जमिनीवर तिरके बसावे, पिल्लाकडे पाहू नये, आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा पिल्लाच्या पलीकडे, म्हणजे स्वतःपासून दूर, टाकावा. खाण्यासाठी पिल्लाला मागे जावे लागते, अंतर वाढून त्याला हायसे वाटते, आणि थोड्या वेळाने ते आपणहून पाहुण्याच्या दिशेने वळते. ते सोफ्याखाली गेले तर ओढू नका, वाकून हाका मारू नका. ती त्याची हक्काची जागा राहू द्या.

गुरगुरण्यावर रागावू नका, हे तर निक्षून सांगतो. गुरगुरणे म्हणजे ‘मला भीती वाटते, दूर व्हा’ एवढी स्पष्ट सूचना असते. फटका मारून किंवा गळफासाच्या साखळीने ती बंद पाडता येते; भीती मात्र कायम राहते, आणि पुढे तोच कुत्रा कोणतीही पूर्वसूचना न देता चावतो.

घरातील आवाजांसाठी क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, लगेच खाऊ. कुकरची शिटी झाली की तुकडा टाका, आणि शिटी नसताना तो देऊ नका. काही दिवसांत शिटी झाल्यावर पिल्लू पलंगाखाली न जाता तुमच्या हाताकडे पाहू लागते. मिक्सर, केरसुणी, दुचाकीचा हॉर्न यांनाही हाच क्रम लावा. ढोल-ताशा आणि फटाक्यांची ध्वनिमुद्रणे अगदी हळू आवाजात सुरू करून, पिल्लू खात-खेळत असेल तरच आवाज किंचित वाढवा. प्रत्यक्ष दिवाळीत मात्र शिकवणी नको. खिडक्या-पडदे बंद करून पंखा किंवा टीव्ही लावा, आणि पिल्लू कुशीत आले तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी औषधाबद्दल डॉक्टरांशी सणाच्या बरेच आधी बोला, कारण नुसत्या गुंगीच्या औषधाने शरीर सुस्त पडले तरी भीती कमी होतेच असे नाही.

दररोज पंजे, कान, ओठ यांना क्षणभर हात लावून खाऊ देत राहा, आणि जमल्यास दवाखान्यात इंजेक्शन नसतानाही केवळ वजन करण्यासाठी जाऊन या. सहा महिन्यांनंतर, वयात येताना, ओळखीच्या गोष्टींचीही भीती पुन्हा डोके वर काढू शकते. तेव्हा अंतर वाढवून हेच सारे नव्याने करावे लागते. काही पिल्ले जन्मतःच बुजरी असतात, आणि भित्र्या किंवा उपाशी मातेची पिल्ले अधिक बुजरी निघू शकतात. असे पिल्लू प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर बसणार नाही. ते पाहुणे असताना त्याच खोलीत निवांत झोपू लागले, तरी मी ते पुरेसे मानतो.

दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा पिल्लू अंगावर धावू लागले, तर डॉक्टरांकडून आधी दुखण्याची शक्यता तपासून घ्या आणि मग मारझोड न करणारा प्रशिक्षक शोधा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात, ती चुकवू नका. तोपर्यंत किंवा त्यानंतरही कोणाला पिल्लाचा दात लागून ओरखडा आला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.