पहिलं सिझर झालंय, आता दुसऱ्या वेळी नॉर्मल होऊ शकतं का?
होऊ शकतं गं, एकदा सिझर झालं की कायम सिझरच असं काही नसतं. पण आधी जुनी फाईल शोधून काढ, गर्भाशयावर छेद कसा घेतलाय ते ऑपरेशनच्या नोंदीत असतं, पोटावरच्या टाक्यांवरून ते कळत नाही. खालच्या भागात आडवा छेद आणि एकच सिझर असेल तर प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी साधारण ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. वरच्या भागात उभा छेद असेल तर मात्र सिझरच करतात.

भीती असते ती कळांमध्ये गर्भाशयावरची जुनी शिवण उसवायची, २०० मध्ये साधारण एकीला होतं, पण झालं तर बाळाला मिनिटांत बाहेर काढावं लागतं, म्हणून रात्री २ वाजतासुद्धा भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि रक्त मिळेल का हे डॉक्टरांना स्पष्ट विचार, नाही म्हणाले तर खरंच हॉस्पिटल बदल.

माझं पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालेलं आणि मध्ये ४ वर्षांचं अंतर होतं, त्यामुळे चान्स चांगला होता, झाली नॉर्मल. माझ्या जावेनं हेच सगळं ऐकून घेतलं आणि ठरवून सिझर केलं, तिच्यासाठी तेच बरोबर होतं.