मॉन्स्टेरा पावसाळ्यात पिवळा पडतोय?

पानं पिवळी पडली की पाणी वाढवायचं, हा समज महागात पडतो. पावसाळ्यात मॉन्स्टेरा, म्हणजे मोठ्या, चिरा असलेल्या पानांचं हे शोभेचं झाड, बहुधा जास्त पाण्यानेच जातं. हवा दमट असल्याने कुंडी सुकतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बोट दोन इंच मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही खालच्या भोकांतून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेलं लगेच ओतून टाका.

देठ बुडाशी मऊ पडून मातीला कुबट वास येत असेल तर वाट बघू नका. झाड उपसा, काळी-बुळबुळीत मुळं स्वच्छ कात्रीने छाटा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), झाडाच्या सालीचे तुकडे समप्रमाणात घेऊन त्यात लावा. गांडूळखत नवं पान फुटल्यावरच. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा इंचभरच मोठी हवी. ऐसपैस कुंडीत ओल जास्त दिवस टिकते.

उन्हाळ्यात पश्चिमेची खिडकी टाळा, उन्हाने पडलेले तपकिरी चट्टे परत हिरवे होत नाहीत. थंडीत खत बंद. नाशिकसारख्या ठिकाणी पारा १० अंशांकडे उतरला की रात्री कुंडी आत घ्या.

आणि पानांना चिरा पडत नाहीत म्हणून खत ओतू नका. एकतर रोप लहान असतं, नाहीतर उजेड कमी.