दहा तारखेची अट

प्रिय भगिनी,

तुम्ही शिक्षिका आहात. दुसऱ्या शहरातल्या शाळेनं मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे आणि तीन आठवड्यांत होकार किंवा नकार कळवायचा आहे. घरी गुडघ्यांनी अधू झालेली आई आहे. ‘दहा तारखेच्या आत पत्र आलं तर जाईन’ अशी प्रार्थना तुम्ही केलीत आणि पत्र नऊ तारखेला आलं. पण त्याच रात्री वचनपेटीतून, म्हणजे बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या ठेवलेल्या डबीतून, चिठ्ठी निघाली, ‘शांत राहा’. तेव्हापासून झोप नाही. यातलं कुठलं देवाचं, असं तुम्ही विचारता.

दोन्हींवर निर्णय टांगू नका. ‘शांत राहा’ हे वचन स्तोत्र 46 मधलं आहे आणि तिथे संदर्भ राष्ट्रांच्या खळबळीचा, लढाया बंद करणाऱ्या देवाचा आहे. त्यातून नोकरी घ्या किंवा नाकारा, असं काहीच निघत नाही. दहा तारखेच्या अटीचं म्हणाल तर लोक गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात: लढाईला जाण्याआधी त्यानं जमिनीवर लोकर ठेवून तिच्यावर दव पडण्याची खूण देवाकडे मागितली. पण बायबलमधलं शास्ते 6 नीट वाचा. जायचं की नाही हे गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या डळमळीत विश्वासासाठी होती, आणि दुसऱ्यांदा मागताना तर ‘माझ्यावर रागावू नकोस’ असं तोच म्हणतो. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरं. पण ती पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या आधी. त्यानंतर नव्या करारात कुठल्याही मंडळीनं (चर्चनं) असा निर्णय घेतल्याचा उल्लेख नाही. देव तारखेतून बोलू शकत नाही असं मी म्हणत नाही. पण तो बोलला की शाळेच्या कारकुनानं पत्र लवकर टाकलं, हे ठरवायला तुमच्यापाशी काही साधन नाही.

‘दार उघडलं’ या बोलण्यालाही जपा. संदेष्टा योना देवापासून पळत याफो बंदरात पोचला तेव्हा तार्शीशला जाणारं जहाज तयारच होतं. एन-गेदीच्या गुहेत दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा त्याच्या हाती आयता सापडला, सोबतचे म्हणाले हाच तो दिवस. दावीदानं त्याला मारलं नाही. त्रोवस शहरात प्रेषित पौलासाठी सुवार्तेचं दार उघडलेलं होतं, तरी सहकारी तीत भेटला नाही म्हणून तो पुढे निघून गेला. उघडं दार म्हणजे संधी, आज्ञा नव्हे.

मग करायचं काय? आधी हे पाहा की देवाची इच्छा पुष्कळशी लिहूनच ठेवलेली आहे: पवित्रीकरण (1 थेस्सलनीका 4:3), सर्व स्थितीत उपकारस्तुती (5:18), आईवडिलांचा मान. त्याबाबत चिन्ह मागायचं नसतं. ज्या गोष्टीत दोन्ही वाटा निष्पाप आहेत तिथे देव ज्ञान देतो (याकोब 1:5) आणि निवडायची मोकळीकही देतो. तुमचा प्रश्न बहुतेक याच दुसऱ्या जातीचा आहे. एक भाग सोडून. तो शेवटी.

आज वहीत प्रश्न नीट लिहा. ‘देवाची इच्छा काय’ असा नको, त्याला उत्तर सापडत नाही. ‘आईची रोजची सोय लागली, तर मी ही जागा घ्यावी का’ असा लिहा. पहिला आठवडा माहितीचा: पगार, राहण्याचा खर्च, आईला बरोबर नेता येईल का, तिथे मंडळी आहे का. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं प्रभू येशूनंच सांगितलंय (लूक 14:28). याच आठवड्यात झोप सुधारा. झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला दूतानं आधी दोनदा खाऊ घातलं, झोपू दिलं; प्रश्न नंतर विचारला गेला.

दुसऱ्या आठवड्यात रोज एकच पर्याय धरा: एक दिवस ‘मी जाणार’ असं मानून प्रार्थना, दुसऱ्या दिवशी ‘मी राहणार’. कशात विश्वास, प्रीती, धीर वाढतो आणि कशात नुसता मोठेपणा किंवा भीती, ते दोन ओळींत टिपा. 16व्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती गुरूचे दोन नियम इथे उपयोगी पडतात. मन कोरडं, उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल, ते स्वतःला सांगून पाहायचं. ‘शांती वाटली’ एवढ्यावर मात्र थांबू नका. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू व्याकूळ होता आणि इच्छा पित्याचीच होती. उलट योना वादळातही गाढ झोपला होता.

तिसऱ्या आठवड्यात तिघांशी बोला: पाळक, शाळेच्या कामातलं जाणतं माणूस आणि तुम्हाला नाही म्हणायला न कचरणारं कुणीतरी. प्रत्येकाला तेच कागद दाखवा. नाहीतर आपण नकळत हव्या त्या उत्तराच्या बाजूनं हकीकत सांगतो. हे फार होतं.

आता तो शेवटचा भाग. तुमच्या चार पानी पत्रात आई काय म्हणते याची एकही ओळ नाही. तिला विचारलंत का? मार्क 7 मध्ये ‘हे देवाला अर्पण’ म्हणत आईवडिलांना टाळणाऱ्यांना प्रभू झाडतो. ‘देवानं बोलावलं’ म्हणून आईला गृहीत धरणंही त्याच वाटेनं जातं. कदाचित ती यायला तयार असेल. कदाचित तुम्ही तिच्यासाठी अडकलात हेच तिला सलत असेल. या रविवारच्या उपासनेनंतर तिच्याशी बोला, बाकी सगळं त्यानंतर.

होकार दिलात आणि पहिले सहा महिने जड गेले, तर लगेच ‘चुकलं’ म्हणू नका. ‘मासेदोनियात ये’ असा दृष्टान्त पाहून गेलेल्या पौलाला तिथल्या फिलिप्पै शहरात आधी फटके बसले, मग तुरुंग मिळाला.